अळीचे रोग आणि फळबागेतली फवारणी : जैविक कीटकनाशकांची पार्श्वभूमी

फळबागेत अळीवर आज जी जैविक कीटकनाशकं फवारतात, त्यांच्यामागचं मूळ ज्ञान अळ्या मारायला निघालेल्या लोकांकडून आलेलं नाही. ते आलं अळ्या जगवण्यासाठी धडपडणाऱ्यांकडून. एकोणिसाव्या शतकात युरोपातला रेशीम व्यवसाय रोगराईने बेजार झाला होता. इटलीतल्या लोदी भागात आगोस्तीनो बास्सी यांनी अनेक वर्षं खर्ची घालून १८३५ साली दाखवून दिलं की, रेशीमकिड्याला पांढरंफटक आणि कडक करून मारणारा रोग बुरशीमुळे होतो आणि तो एका अळीकडून दुसरीकडे पसरतो. रोगजंतूंचा विषय निघाला की आपण पाश्चर यांचं नाव घेतो, पण बास्सी त्यांच्या आधीचे. त्या बुरशीला पुढे बास्सींचंच नाव मिळालं : बिव्हेरिया बॅसियाना. पाश्चर यांनीही १८६५ पासून काही वर्षं रेशीमकिड्याच्या रोगांवरच घालवली.

पाळलेल्या किड्याला मारणारा रोग शेतातल्या किडीला मुद्दाम लावता येईल, हे मग सुचणारच होतं. १८७९ मध्ये ओडेसात जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्यावर मेटारायझियम ही हिरवी बुरशी वापरून पाहिली. बुरशीचा फायदा असा की ती किडीच्या कातडीतून आत शिरते, किडीने ती खाण्याची गरज नसते. तोटा असा की तिला दमट हवा लागते, आणि हवा काही आपल्या हातात नसते. अळ्यांच्या बाबतीत बाजी मारली ती जीवाणूने.

त्याचीही सुरुवात रेशीमकिड्यापासूनच झाली. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना अचानक मरून पडणाऱ्या रेशीम अळ्यांमध्ये एक जीवाणू सापडला. दहा वर्षांनी जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात अर्न्स्ट बर्लिनर यांना तसाच जीवाणू पिठात होणाऱ्या पतंगाच्या अळीत आढळला. १९१५ मध्ये त्यांनी त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव दिलं. आपण ज्याला नुसतं बीटी म्हणतो, तो हाच. जीवाणूच्या पेशीत बीजाणूशेजारी (बीजाणू म्हणजे जीवाणूचं टिकाऊ, सुप्त रूप) एक स्फटिकासारखा कण असतो, ही नोंदही बर्लिनर यांनी करून ठेवली होती. त्या कणाचं महत्त्व कळायला मात्र आणखी चार दशकं गेली.

या काळात फळबागांमध्ये काय चाललं होतं? सफरचंदात शिरणाऱ्या कॉडलिंग मॉथच्या अळीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस ग्रीन हे आर्सेनिकयुक्त हिरवं रंगद्रव्य मारत असत, आणि १८९० च्या दशकापासून लेड आर्सेनेट. म्हणजे खायच्या फळावर शिसं आणि आर्सेनिक दोन्ही. काही वर्षांतच अळी या विषाला पूर्वीसारखी दाद देईना, तसे फवारे वाढले आणि फळावरचा थरही वाढला. १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये अमेरिकन सफरचंदांवरच्या आर्सेनिकवरून ओरड झाली, तेव्हा कुठे अवशेषांच्या मर्यादेचा विचार गांभीर्याने सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे रासायनिक कीटकनाशक आलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण डीडीटीने लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) खाणारे मित्रकीटकही मारले. अळी आटोक्यात आली आणि जो कोळी आधी फारसा त्रास देत नव्हता, तो बागा पिवळ्या करू लागला. माझ्या मते फळबागायतदारांना जैविक उपायांकडे वळवण्यात पर्यावरणाच्या कळकळीपेक्षा या अनुभवाचा वाटा मोठा आहे.

बीटीचं पहिलं व्यापारी उत्पादन, स्पोरीन, फ्रान्समध्ये १९३८ साली निघालं आणि युद्धाच्या धामधुमीत मागे पडलं. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात एडवर्ड स्टाइनहाउस यांनी हा जीवाणू पुन्हा हाती घेतला. त्यानंतर हॅनी आणि अँगस यांच्या कामातून स्फटिकाचं कोडं सुटलं : अळीला मारणारं विष त्या स्फटिकातल्या प्रथिनात आहे. अळीच्या आतड्यातला रस चांगलाच अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतो, पाचकरस त्या प्रथिनाचे तुकडे करतात, ते आतड्याच्या पेशींना चिकटतात आणि पेशींना भोकं पडतात. काही तासांत अळी खाणं थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि त्या प्रथिनाला चिकटायला जागाही नसते, म्हणून आपल्याला ते बाधत नाही. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी जिवंत अळ्या पाहून ‘औषध बोगस’ म्हणणाऱ्याने त्या पानं खात आहेत का, तेवढं आधी पाहावं.

अमेरिकेत १९६१ मध्ये बीटीची अधिकृत नोंदणी झाली. पण सुरुवातीच्या उत्पादनांचं नाव खराब झालं, आणि त्याचं कारण मोजमापात होतं. पुड्यात बीजाणू किती, यावर ताकद ठरवली जाई, आणि मारक शक्ती तर स्फटिकात. त्यामुळे एक लॉट उत्तम निघायचा, दुसरा निव्वळ माती. १९७० मध्ये हॉवर्ड डलमेज यांनी गुलाबी बोंडअळीच्या रोगट अळ्यांपासून मिळवलेली एचडी-१ ही कितीतरी जहाल जात पुढे आणली. मग प्रत्यक्ष अळ्यांवर चाचणी घेऊन ताकद ठरवायची पद्धत रुळली. बीटीवर विश्वास बसला तो इथून पुढे.

तरीही फळपिकांत बीटीला एक कायमची अडचण आहे. ते अळीने खावं लागतं. लिंबाची पानं फस्त करणारी अळी किंवा सफरचंदाची पानं गुंडाळून आत राहणारी अळी उघड्यावर भरपूर खाते, तिथे बीटी छान चालतं. द्राक्षमणी पोखरणाऱ्या अळीवरही वेळ साधली तर ते उपयोगी पडतं. पण कॉडलिंग मॉथची अळी किंवा डाळिंबावरची सुरसा अंड्यातून बाहेर पडली की लवकरच फळात घुसते. सालीवर ती जेमतेम एखाद-दुसरा चावा घेते, आणि तेवढ्यात तिच्या पोटात पुरेसं विष जायला हवं.

ही अडचण सोडवली विषाणूने. मेक्सिकोच्या चिहुआहुआ राज्यात १९६३ साली कॉडलिंग मॉथच्या काही रोगट अळ्या मिळाल्या आणि त्यांच्यातल्या ग्रॅन्युलोव्हायरस या विषाणूचं वर्णन पुढच्या वर्षी योशिनोरी तानादा यांनी केलं. नुकत्याच जन्मलेल्या अळीला मारायला या विषाणूचे अगदी मोजके कण पुरतात, म्हणून सालीवरचा तो एक चावाही बस होतो. शिवाय तो जवळच्या काही पतंगजाती सोडल्या तर इतर कुणाच्या वाटेला जात नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो लवकर निकामी होतो, त्यामुळे फवारणी पुनःपुन्हा करावी लागते आणि अंडी फुटण्याची वेळ गाठावी लागते. त्यासाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) पडणारे पतंग आणि दिवसागणिक साठत जाणारी उष्णता यांचा हिशेब ठेवतात. आणखी एक तोटा असा की विषाणू जिवंत पेशीतच वाढतो. बीटी टाकीत आंबवून तयार होतं, पण या विषाणूसाठी अळ्याच पाळाव्या लागतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात त्याची उत्पादनं बाजारात आली आणि सेंद्रिय सफरचंद बागांचा तो मुख्य आधार झाला.

मात्र तिथल्या सगळ्या उत्पादनांत मेक्सिकोतून आलेलाच एक विषाणू होता. २००५ च्या सुमारास जर्मनीतल्या काही सेंद्रिय बागांत अळी मरेना. तपासणीत तिथल्या अळ्या हजारपटींहून जास्त मात्रा पचवत असल्याचं आढळलं. ही प्रतिकारशक्ती पतंगाच्या लिंगनिश्चिती करणाऱ्या गुणसूत्रावर होती, मादीत त्याची एकच प्रत असते, म्हणजे तेवढी एक प्रतही तिला वाचवायला पुरते, आणि त्यामुळे ही प्रतिकारशक्ती झपाट्याने पसरली. जैविक औषधाला कीड सरावत नाही, या समजाला इतका सणसणीत धक्का फळबागेत क्वचितच बसला असेल. इराणसह इतर ठिकाणांहून मिळालेल्या विषाणूंच्या वेगळ्या वाणांनी या अळ्या पुन्हा मारता आल्या आणि कंपन्यांनी उत्पादनं बदलली. पुढे जर्मनीतच प्रतिकाराचे आणखी वेगळे प्रकार आढळले, ज्यांच्यापुढे यातले काही नवे वाणही तोकडे पडतात. म्हणून आता कुठल्या बागेत कुठला वाण चालेल हे पाहूनच फवारणी ठरवावी लागते.