तयार थीम की हाताने लिहिलेली थीम : ग्राहकाला नेमके काय द्यायचे?

वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा असो की वणी-हिंगणघाटचा कापूसपट्टा, तालुक्याच्या गावी वेबसाइटचे कोटेशन मागायला येणारा ग्राहक बहुधा "आम्हाले कस्टमच पाहिजे" असे सांगूनच बसतो. हा शब्द आता दोन अगदी निरनिराळ्या कामांसाठी वापरला जातो. बाजारातली तयार थीम, म्हणजे साइटचे रूप ठरवणाऱ्या फाइलींचा संच, घेऊन तिचे रंग, बोधचिन्ह आणि मांडणी बदलली तरी बिलावर "कस्टम" लिहिले जाते आणि पहिल्या ओळीपासून त्या ग्राहकासाठीच थीम लिहिली तरी तोच शब्द येतो. साइट सुरू होते त्या दिवशी दोन्ही सारख्याच दिसतात. फरक दोन-तीन वर्षांनी, देखभालीची वेळ येते तेव्हा कळतो, म्हणून तो कोटेशन देतानाच उलगडून सांगणे हे आपण वेबसाइट बनवणाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे मी मानतो.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीमध्ये 2005 च्या 1.5 आवृत्तीपासून थीमची व्यवस्था आहे. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो आणि तो पडद्यावर कसा मांडायचा हे थीमच्या फाइली ठरवतात. अ‍ॅस्ट्रा किंवा जनरेटप्रेससारख्या थीम वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातून मोफत मिळतात, तर थीमफॉरेस्टसारख्या बाजारात विकत मिळतात. विकत घेताना दोन गोष्टी नीट वाचाव्यात. तिथला साधा परवाना एकाच साइटपुरता असतो, म्हणजे एका कृषी सेवा केंद्रासाठी घेतलेली प्रत दुसऱ्या दुकानाच्या साइटवर चढवता येत नाही. आणि किमतीत सहाच महिन्यांची मदत धरलेली असते. कुलूप तोडून फुकट वाटल्या जाणाऱ्या विकाऊ थीमच्या प्रती मात्र कधीही वापरू नयेत, कारण त्यांत घातक कोड दडवलेला असण्याचा धोका मोठा असतो.

तयार थीममध्ये बदल करायचा तर तो मूळ फाइलींत करू नये, कारण पुढच्या अपडेटमध्ये त्या फाइली बदलल्या जातात आणि आपले काम पुसले जाते. त्यासाठी चाइल्ड थीम असते. एक वेगळा फोल्डर करायचा, त्यातल्या स्टाइल फाइलच्या माथ्यावर मूळ थीमच्या फोल्डरचे नाव लिहायचे आणि आपले सगळे बदल तिथे ठेवायचे. मूळ थीम अपडेट होत राहते आणि आपले बदल शाबूत राहतात. बाजारात "कस्टम" म्हणून दिले जाणारे बरेचसे काम खरे तर या प्रकारचे असते आणि त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखावे.

आपल्याकडे हाताने लिहिलेल्या थीमचा आग्रह धरला जातो तो पुष्कळदा मराठी अक्षरांमुळे. वरुडकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची साइट मी तयार थीमवर उभी केली आणि त्यांच्या संचालकांनी मोबाइल माझ्यासमोर धरून विचारले, "भाऊ, हे अक्षरं अशी तुटली कावून?" मथळ्यातील "संत्रा उत्पादक" या शब्दांची शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटलेली होती, वरचा अनुस्वार कापला गेला होता आणि ओळी एकमेकींना चिकटल्या होत्या. थीम इंग्रजी मथळ्यांसाठी आखलेली होती : अक्षरांमध्ये जास्तीचे अंतर सोडलेले, ओळींमधली जागा अगदी कमी आणि मॉन्टसेरात हा फॉन्ट, ज्यात देवनागरी अक्षरेच नाहीत, त्यामुळे मोबाइलमधला जो मिळेल तो देवनागरी फॉन्ट तिथे येऊन बसलेला.

हे सगळे चाइल्ड थीममध्ये मोजक्या ओळींत दुरुस्त झाले. अक्षरांमधले अंतर शून्यावर आणले, ओळींची उंची वाढवली आणि मुक्त हा फॉन्ट लावला. शिवाय, पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला कळले, तर मराठी रूपांची सोय असलेल्या फॉन्टमध्ये "ल" आणि "श" ही अक्षरे हिंदी वळणाची न दिसता आपल्या वळणाची दिसतात. अधिकृत संग्रहातल्या थीम ही भाषा साइटच्या सेटिंगमधून आपोआप उचलतात. हाताने थीम लिहिणारा मात्र घाईत तिथे इंग्रजीच लिहून ठेवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तेव्हा मराठी अक्षरे नीट दिसावीत एवढ्याच कारणासाठी नवी थीम लिहून घेण्याची गरज नाही.

हाताने लिहिलेल्या थीमचा खरा फायदा वेगात असतो. जे लागते तेवढेच तिच्यात असते, तर तयार थीमसोबत स्लायडर (सरकती चित्रे), पेज बिल्डर (पाने रचण्याचे जोडसाधन) आणि नमुन्याची पाने येतात आणि गावात नेटवर्कची एकच काडी दाखवणाऱ्या मोबाइलवर ते ओझे जाणवते. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असे गुगलचे माप आहे. पण नको ते काढून टाकले, तर तयार थीमही हलकी होते. शिवाय जानेवारी 2022 मधील वर्डप्रेसच्या 5.9 आवृत्तीपासून आलेल्या ब्लॉक थीममध्ये माथा, तळ आणि पानांचे साचे थेट संपादकातच घडवता येतात, त्यामुळे पेज बिल्डर पुष्कळदा लागतच नाही.

हाताने लिहिलेल्या थीमचा तोटा मला एका शाळेच्या साइटने दाखवला. काही वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांना सुबक थीम लिहून दिली होती आणि तो मुलगा नंतर पुण्याला गेला. होस्टिंगवाल्यांनी पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिची, आवृत्ती 8 वर नेली आणि त्या थीममध्ये वापरलेले एक जुने फंक्शन 8.0 मध्ये काढून टाकलेले असल्यामुळे, दहावीच्या निकालाच्या आठवड्यात साइटवर "गंभीर त्रुटी" एवढाच संदेश दिसू लागला. दुरुस्ती दहा मिनिटांची होती, पण तो कोड समजून घ्यायला मला अख्खी संध्याकाळ लागली, कारण त्याबद्दल एका ओळीचीही नोंद कुठे नव्हती. चालू असलेल्या तयार थीममध्ये असा बदल तिचे निर्माते करून अपडेट पाठवतात. हाताने लिहिलेल्या थीमचे अपडेट आपण लिहू तेव्हाच येते.

ग्राहक मागतो ते काम पुष्कळदा थीमचे नसतेच. त्या उत्पादक कंपनीला आंबिया आणि मृग बहाराच्या संत्र्यांचे रोजचे भाव साइटवर हवे होते आणि त्यासाठी त्यांनी "कस्टम" मागितले होते. भावांची नोंद थीममध्ये बांधली असती, तर थीम बदलताच भावांचे पान आणि ते भरण्याची खिडकी दोन्ही नाहीशी झाली असती. म्हणून मी त्यासाठी छोटे प्लगइन, म्हणजे थीमपासून वेगळा राहणारा जोडकोड, लिहिले आणि दिसण्याचे काम तयार थीमवर सोपवले.

शाळा, मंगल कार्यालय, जिनिंग, ताडोब्याच्या वेशीवरचा होमस्टे या सगळ्यांना मी तयार थीम आणि चाइल्ड थीमच सुचवतो. जिल्ह्याच्या साप्ताहिकाला मात्र हाताने लिहिलेली थीम द्यावी, कारण तिथे लांब मराठी मजकूर, जुने अंक आणि तालुकावार बातम्यांची मांडणी हाच साइटचा जीव असतो, शिवाय दरवर्षी देखभालीचे पैसे द्यायला ते तयार असतात. ती तयारी नसेल, तर मी थीम लिहून देत नाही.

कोटेशनमध्ये मी आता "कस्टम" हा शब्द लिहीत नाही. त्याऐवजी मूळ थीमचे नाव, परवाना कोणाच्या ईमेलवर घेतला, कोणते बदल चाइल्ड थीममध्ये आहेत, कोणते प्लगइनमध्ये आहेत आणि अपडेट कोण करणार, या पाच गोष्टी मराठीत लिहितो आणि परवाना ग्राहकाच्याच ईमेलवर घेतो.