पळसगावचा नाईक आणि बसऱ्याच्या भिंतीवरचे आकडे

माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या यशवंत घाडगे यांचं नाव आज कोकणात बहुतेकांना ठाऊक आहे. ते ठाऊक होण्याचं कारण १० जुलै १९४४ च्या एका दिवसात आहे. इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण लढत होती. नाईक या हुद्द्यावरच्या घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले, दुसऱ्याच क्षणी टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना संपवलं. नंतर लपलेल्या बंदूकबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. वय होतं २२.

या पराक्रमासाठी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्याच्या मानपत्रात हे सगळं आहे. घरी कोण होतं, भाताची खाचरं किती होती, भरती होताना आई काय म्हणाली, हे त्यात नाही. मानपत्र पराक्रमाचं असतं, माणसाचं नसतं.

कोकणातली, साताऱ्याकडची पोरं पलटणीत का जात, याचं उत्तर तलवारीच्या परंपरेत शोधायची आपल्याला सवय आहे. ती परंपरा होतीच. पण जमिनीचा तुकडा लहान, भावंडं जास्त आणि पावसाळा सरला की हाताला काम नाही, हेही तितकंच खरं होतं. तेव्हा वाट दोनच ठिकाणी जाई, मुंबईच्या गिरणीत किंवा पलटणीत. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला साध्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. त्यातली मनिऑर्डर घरी आली की वाण्याची उधारी फिटे. आणि हीसुद्धा वाट सगळ्यांना खुली नव्हती. महार तरुणांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडूनही टाकली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत मग वीस वर्षं गेली.

पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणींचं रक्त सर्वाधिक सांडलं ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर बगदादच्या दिशेने गेल्या, बगदादजवळच्या टेसिफोनला तुर्की फौजेपुढे अडल्या आणि मागे हटून कुत-अल-अमारात कोंडल्या गेल्या. तुर्कांचा वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपत आल्यावर घोडे कापले गेले. अनेक हिंदी शिपायांनी आधी ते मांस नाकारलं, कारण गावी परतल्यावर जातभाई वाळीत टाकतील ही भीती गोळीच्या भीतीपेक्षा मोठी होती. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. कित्येकांचा शेवट कुठल्या मुक्कामावर झाला, हे घरी कधी कळलंच नाही.

या युद्धात ज्यांच्या थडग्याचा पत्ता नाही अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी १९२९ मध्ये इराकमधल्या बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. इंग्रज सैनिकांची नावं भिंतीवर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीचं नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा, एवढंच. गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिक नावानिशी आहेत. सैन्य तेच, पगार तोच. फरक एवढाच की फ्रान्समधली भिंत युरोपच्या डोळ्यांसमोर होती. युद्धस्मारकांचा कारभार पाहणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये. बसऱ्यात नाव नसलेल्या शिपायांच्या बायका तोवर केव्हाच गेल्या होत्या.

घाडगे यांचं तसं झालं नाही. थडगं त्यांचंही नाही, पण इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत एवढा बदल झाला होता. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक कामी आले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले हिंदी सैनिक सहा. म्हणजे नाव सगळ्यांचं लिहिलं गेलं, पण लक्षात राहिलं ते मूठभरांचंच. जुलै २०२३ मध्ये पेरुजियाजवळच्या मोंतोने गावाने भारतीय लष्कराच्या साथीने घाडगे यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याला दिलं आहे. इकडे माणगावात त्यांचा पुतळा आहे. पदक १९४५ मध्ये त्यांच्या तरुण विधवा पत्नीच्या हाती आलं होतं.