‘गॉट मिट उन्स’ लिहिलेले प्रत्येक बक्कल नाझी नसते

‘गॉट मिट उन्स’, म्हणजे ‘देव आमच्यासोबत’, ही अक्षरे असलेले जुने जर्मन पट्ट्याचे बक्कल दिसले, की ते हिटलरच्या एसएस दलाचे ठरवून लोक मोकळे होतात. वस्तुतः हे वाक्य प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैनिकांच्या बकलांवर १८४७ पासून, म्हणजे हिटलरच्या जन्माच्याही चार दशके आधीपासून होते. आणि गंमत अशी, की एसएसच्या बकलावर ते नव्हतेच, तेथे ‘निष्ठा हाच माझा सन्मान’ या अर्थाचे वेगळे वाक्य असे. म्हणून अक्षरांआधी मधले चिन्ह पाहावे: राजमुकुट असेल तर नमुना प्रशियाचा, स्वस्तिक धरलेला गरुड असेल तर नाझी काळातील भूदलाचा. बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याच्या बकलांवर तर ‘इन ट्रॉय फेस्ट’, म्हणजे ‘निष्ठेत अढळ’, असे.