मस्किगोचं चर्च आणि धर्मछळाची दंतकथा

नॉर्वेचे लुथरन (मार्टिन लुथरच्या प्रॉटेस्टंट पंथाचे) लोक धर्मछळाला कंटाळून अमेरिकेत पळाले आणि विस्कॉन्सिनमधल्या मस्किगोला त्यांनी चर्च बांधलं, ही कथा वर्षानुवर्षं सांगितली जाते. पण मुळात लुथरन पंथ हाच नॉर्वेचा अधिकृत धर्म होता. मग लुथरनांना लुथरन म्हणून छळणार कोण?

कथेला थोडा आधार आहे, नाही असं नाही. १८२५ साली ‘रेस्टॉरेशन’ गलबतातून अमेरिकेला गेलेल्यांत क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे लोक होते, आणि त्यांना खरोखर जाच होता. परवानगीशिवाय प्रार्थनासभा भरवणाऱ्या हाउगेपंथीयांनाही (धर्मोपदेशक हान्स हाउगेच्या लुथरन अनुयायांनाही) १८४२ पर्यंत कायद्याचा बडगा होता. पण मस्किगोला १८३९ पासून आलेल्या बहुतेकांची ओढ जमिनीची होती. नॉर्वेत शेतीजोगी जमीन मूठभर, आणि खाणारी तोंडं वाढत चाललेली.

गंमत पुढेच आहे. या ‘नॉर्वेजियन’ मंडळीचा पहिला पाळक क्लाउस क्लाउसेन चक्क डॅनिश होता! शिक्षक म्हणून आलेल्या या माणसाला १८४३ मध्ये एका जर्मन पाळकाने पाळकपदाची दीक्षा दिली. चर्च होईपर्यंत उपासना तिथले रहिवासी एव्हन हेग यांच्या धान्याच्या कोठारात चाले. ओकच्या तासलेल्या ओंडक्यांचं चर्च १८४५ मध्ये समर्पित झालं. आज ते मस्किगोला नाही. १९०४ मध्ये ते मिनेसोटातल्या सेंट पॉलला, लुथर सेमिनरी या पाळक घडवणाऱ्या विद्यालयाच्या आवारात हलवलं.