पाट फुटला की फड सुकतो: डोक्याचा मार आणि पीयूषिका ग्रंथी

"सीटी स्कॅन नॉर्मल आहे, आता काळजी नाही." मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाच्या घरच्यांचा जीव या वाक्यानं भांड्यात पडतो. धुळ्याला तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. डोक्याला मार लागलेला कुणीच नाही, असं गाव आमच्याकडे सापडणं कठीण. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, सूज दिसते, मोडलेलं हाड दिसतं. संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, त्यात दिसत नाहीत.

माझ्या ओळखीचा एक तरुण असाच पडला, अर्धा तास बेशुद्ध होता, आठवड्यानं घरी आला. चार-पाच महिन्यांनी त्याचं काहीतरी बिनसलं. दुपारपर्यंत झोपायचा, जेवणावरची वासना गेली, दाढी आठवड्यातून एकदा केली तरी पुरायची, उठून उभं राहिलं की भोवळ यायची. "पोरगा पहिलासारखा नही ऱ्हायना," म्हणून आई रडायची. कुणी म्हणालं आळशी झाला, कुणी म्हणालं अपघाताच्या जागेवरचं काही लागलं. दोनदा उतारा झाला, कोंबडं गेलं. त्यात आणखी तीन महिने गेले. रोग अंगात वाढत असताना वाया गेलेल्या त्या तीन महिन्यांचा मला आजही राग येतो.

दोष होता पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीत, म्हणजे इतर ग्रंथींना हुकूम देणाऱ्या ग्रंथीत. वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ही ग्रंथी नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडातल्या खळग्यात बसलेली असते. त्या खळग्याचं शास्त्रीय नावच 'तुर्की खोगीर' आहे. वर मेंदूचा हायपोथॅलॅमस हा भाग, खाली ग्रंथी आणि दोघांना जोडणारा एक नाजूक देठ. डोकं आपटलं की मेंदू कवटीत हिंदकळतो, ग्रंथी मात्र खोगिरात अडकलेली राहते. ताण बसतो देठावर.

आणि या देठातच शरीरातली एक विलक्षण रचना आहे. ग्रंथीच्या पुढच्या भागाला बहुतेक रक्त थेट धमनीतून मिळत नाही. ते आधी हायपोथॅलॅमसच्या तळाशी केशवाहिन्यांत पसरतं, तिथले रासायनिक हुकूम उचलतं, मग बारीक शिरांमधून देठावाटे खाली येतं आणि ग्रंथीत पुन्हा केशवाहिन्यांत पसरतं. पोपा आणि फील्डिंग या संशोधकांनी १९३० मध्ये या शिरांचं वर्णन केलं, पण त्यांना वाटलं की रक्त खालून वर जातं. पुढे प्रवाह वरून खाली असल्याचं सिद्ध झालं. मेंदू रक्तातूनच या ग्रंथीला हुकूम देतो, हे जेफ्री हॅरिस यांनी प्रयोगांनी दाखवलं. ते हुकूम म्हणजे नेमके कोणते रेणू, हे शोधणाऱ्या गिलेमिन आणि शॅली यांना १९७७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

धुळ्याच्या पांझरा नदीकाठच्या माणसाला हे समजायला पाटपाण्याची जुनी फड पद्धत पुरे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांवर फड, म्हणजे शेतांचे पट्टे. पाट फुटला तर बंधारा भरलेला असूनही फड सुकतो. पण ज्याच्या वावरात विहीर आहे, तो तग धरतो. पीयूषिकेच्या दोन्ही कडांना वाढीचं संप्रेरक बनवणाऱ्या पेशी असतात. त्या देठातल्या लांब शिरांवरच जगतात. लैंगिक संप्रेरकांना चालना देणाऱ्या पेशींचंही बरंचसं तसंच. मूत्रपिंडावरची ॲड्रेनल आणि गळ्यातली थायरॉइड या ग्रंथींना हुकूम देणाऱ्या पेशी मध्यभागी असतात आणि त्यांना खालून येणाऱ्या आखूड शिरांचंही रक्त मिळतं. म्हणून मार बसल्यावर बहुधा आधी वाढीचं आणि लैंगिक संप्रेरक घटतं. बायकांची पाळी थांबते, पुरुषांची दाढी मंदावते, मुलांची उंची खुंटते.

२००७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात मेंदूला मार लागलेल्यांपैकी काही महिन्यांनंतरही सुमारे २७.५ टक्क्यांत असा दोष आढळला. यातले बरेच अभ्यास मोठ्या माराचे होते आणि सुरुवातीचा दोष कित्येकांत वर्षभरात आपोआप भरून येतो. किरकोळ टेंगळानं कुणी धास्तावू नये. पण जिममध्ये विकल्या जाणाऱ्या 'टेस्टोस्टेरॉन वाढवा' छापाच्या पावडरीही घेऊ नयेत. इथं आधी तपासणी लागते.

तपासणीतही एक खाचखळगा आहे. थायरॉइड मंदावला की एरवी टीएसएच, म्हणजे पीयूषिकेचं थायरॉइडला हुकूम देणारं संप्रेरक, वाढतं, कारण पीयूषिका त्याला जोरात हाका मारते. इथं हाक मारणारीच आजारी! त्यामुळे टीएसएच नॉर्मल येतं आणि रुग्ण तसाच घरी जातो. सोबत फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) आणि सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल (ॲड्रेनलचं संप्रेरक) पाहावंच लागतं.

तहानेचंही तसंच. जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा तांब्यावर तांब्या कोण पीत नाही? पण थंडीतही रात्री चार-पाचदा उठून पाणी प्यायचं, लघवी पाण्यासारखी स्वच्छ आणि साखर मात्र नॉर्मल, असं असेल तर मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन कमी पडत असू शकतं. ते हायपोथॅलॅमसमध्ये बनतं आणि त्याच देठातल्या मज्जातंतूंमधून खाली येतं.

त्या तरुणाचं कॉर्टिसॉल फारच खाली होतं, थायरॉइडही कमी. डॉक्टरांनी आधी कॉर्टिसॉलची गोळी सुरू केली, थायरॉइडची काही दिवसांनी. उलट केलं असतं तर शरीराची कामाची गती वाढली असती, उरलंसुरलं कॉर्टिसॉल संपलं असतं आणि जिवावर बेतलं असतं. आता तो पुन्हा कापूस वेचणीला उभा राहतो. खिशात एक चिठ्ठी असते: ताप आला तर गोळी दुप्पट, उलटी होऊन गोळी पोटात राहत नसेल तर लगेच दवाखान्यात इंजेक्शन.