स्टोव्हच्या जातकुळीचं विमान

ऑक्टोबर आला की ध्वनीपेक्षा जास्त वेगाने विमान उडवणारे पहिले वैमानिक, अमेरिकेचे चक यीगर, यांचा फोटो मोबाईलवर फिरायला लागतो. १४ ऑक्टोबर १९४७, बेल एक्स-१ हे रॉकेट विमान, ‘ध्वनीची भिंत फोडली’. हवेत भिंतबिंत काही नसते. वेग ध्वनीच्या जवळ गेला की समोरच्या हवेला बाजूला व्हायला उसंत मिळत नाही, ती पुढ्यात दाटते आणि विरोध एकदम वाढतो. मला खरी भुरळ पडते ती या विमानाच्या पोटातल्या मांडणीची.

शेपटीत एकच रॉकेट इंजिन, पण त्याला ज्वलनकक्ष चार. प्रत्येकाचा रेटा सुमारे ६८० किलो. आच कमी-जास्त करायची सोय नाही. कक्ष एकतर पेटलेला, नाहीतर विझलेला. वेग हवा असेल तर आणखी एक पेटवायचा. म्हणजे चार बर्नरची शेगडी, पण एकालाही ‘सिम’ नाही!

इंधन म्हणजे पाणी मिसळलेलं अल्कोहोल आणि ते जाळायला द्रवरूप ऑक्सिजन. आता हे द्रव पेटत्या कक्षात जाणार कसे? आतला वायू तर बाहेर रेटतोय. त्याच्याहून जास्त दाब मागून द्यायला हवा. ठरलं होतं टर्बोपंप, म्हणजे टर्बाइनवर फिरणारा पंप, बसवायचं, पण तो वेळेत तयार झाला नाही. मग वापरली घरातल्या पितळी स्टोव्हचीच युक्ती. स्टोव्हला पंप मारला की टाकीतली हवा दाबली जाते आणि रॉकेल वर चढतं. एक्स-१ मध्ये हवेऐवजी नायट्रोजन, गोल बाटल्यांत वातावरणाच्या सुमारे तीनशेपट दाबाने कोंडलेला.

ही युक्ती महाग पडते. पंप असला की दाब पंपाच्या पुढे तयार होतो, टाकी पातळ चालते. इथे अख्खी टाकीच दाबाखाली, म्हणून ती जाड. शिवाय नायट्रोजनच्या बाटल्यांचं वजन आणि जागा. इंधनाला उरलं ते इतकं थोडं, की चारही कक्ष पेटवले तर अडीच मिनिटांत खेळ खलास. म्हणून बी-२९ या मोठ्या बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली लटकवून वर न्यायचं आणि तिथून सोडायचं. ऑक्सिजनची टाकी पंखाच्या पुढे, अल्कोहोलची मागे. दोन्ही बरोबरीने रिकाम्या झाल्या की तोल फार ढळत नाही. मात्र वैमानिकाच्या पाठीशीच उणे १८३ अंशांचा द्रव. कॉकपिटमध्ये हुडहुडी भरायची.

(शिवकर तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर पाऱ्यावर चालणारं विमान उडवलं, असा दावा करणारा फॉरवर्डही त्याच मोबाईलवर येतो. त्यात टाकी कुठे, नळी कुठून, दाब किती, याचा एक आकडा नसतो.)

डग्लस स्कायरॉकेट या त्याच काळातल्या दुसऱ्या अमेरिकी प्रायोगिक विमानात तर जेट आणि रॉकेट दोन्ही कोंबली होती. शेपूट रॉकेटने अडवलेली, त्यामुळे जेटचा धूर पोटाखालून काढला. पुढे एका विमानातून जेट काढूनच टाकलं आणि २० नोव्हेंबर १९५३ रोजी स्कॉट क्रॉसफील्ड त्यातून ध्वनीच्या दुप्पट वेगाने गेले.

स्टोव्हच्या पंपातलं चामडी वॉशर सुकलं की आपण त्यावर तेलाचे दोन थेंब सोडतो. या रॉकेट विमानांच्या ऑक्सिजनच्या नळ्यांतही चामड्याची गॅस्केटं, म्हणजे सांधे बंद करणाऱ्या चकत्या, होती, ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे तेलकट रसायन मुरवलेली. द्रव ऑक्सिजनमध्ये भिजलेलं असं चामडं एका धक्क्यानेही स्फोट होऊन फुटतं. १९५१ ते १९५५ दरम्यान एक्स-१ च्या कुटुंबातली तीन आणि एक्स-२ या पुढच्या रॉकेट विमानाच्या जातीचं एक, अशी चार विमानं स्फोटात गेली. एक्स-२ च्या स्फोटात दोन माणसंही. ऑगस्ट १९५५ मध्ये त्या तिघांपैकी एक्स-१ए गेल्यावरच्या चौकशीत कुठे बोट त्या चामड्यावर पडलं.