हेड न उतरवता आत बघायचं

भुसावळकडच्या गॅरेजात ‘आत कॅमेरा टाकून बघ रे’ असं मिस्त्री म्हणाला, की पोरगा इंजिनाचा इंधन फवारणारा इंजेक्टर काढतो आणि त्या बोटभर भोकातून काळी, वाकणारी केबल सिलिंडरमध्ये सोडतो. पिस्टनचा माथा, व्हॉल्व्हच्या सीटा, लायनरवरचे ओरखडे सगळं दिसतं. नाहीतर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवा, नवी गॅस्केट आणा, टॅपेट पुन्हा लावा, दिवस गेलाच. दीपनगरच्या वीज केंद्रातल्या ५०० मेगावॉटच्या संचाचं टर्बाइन उघडायचं तर हिशेब आठवड्यांचा. न उघडता बघायची धडपड या खर्चापायीच सुरू झाली.

सुरुवात मात्र माणसाच्या शरीरापासून झाली. १८०६ च्या सुमारास फ्रँकफुर्टचे डॉक्टर फिलिप बोझिनी यांनी मेणबत्ती आणि आरसा लावलेली नळी बनवली. यंत्रांसाठीची नळी फिलाडेल्फियात जॉर्ज क्रॅम्प्टन यांनी १९२१ मध्ये केली, ती स्टीम टर्बाइनच्या रोटरमधलं आरपार छिद्र तपासायला. भिंगं बसवलेली ती नळी ताठ होती. सरळ छिद्राला ठीक, पण वळण आलं की अडली.

प्रकाश वळवता येतो हे तोवर ठाऊक होतं. जिनिव्हात दानिएल कोलादों यांनी १८४० च्या आसपास पाण्याच्या वाकत्या धारेतून प्रकाश नेऊन दाखवला होता. ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या जळगावला पाणी वळवण्याचं काय नवल, पण इथे पाण्याबरोबर उजेडही वळला. पाण्याच्या जागी काच आली ती १९३० मध्ये. म्युनिकच्या हाइन्रिख लॅम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने काचतंतूंच्या जुडीतून बल्बच्या तारेची प्रतिमा पलीकडे नेली. अंधुक होती, पण पोचली.

खरी उडी १९५४ ची. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी हजारो तंतूंची लवचिक जुडी करून चित्र नेलं. कपानी मूळचे पंजाबातल्या मोग्याचे, शिक्षण आग्र्याचं. सगळी मेख तंतूंच्या क्रमात आहे. प्रत्येक तंतू चित्राचा एकच ठिपका नेतो, म्हणून या टोकाला तो जिथे असेल तिथेच त्या टोकालाही हवा. क्रम चुकला की उजेड पोचतो, चित्राचा मात्र काला होतो. नुसता उजेड आत न्यायचा असेल तर तंतू कसेही भरले तरी चालतात. आत बघायच्या असल्या लवचिक दुर्बिणीत दोन्ही जुड्या शेजारी शेजारी असतात.

एक अडचण उरलीच. उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश याच्यातून त्याच्यात गळायचा. तंतूवर कमी अपवर्तनांकाचं, म्हणजे प्रकाश कमी वाकवणारं, वेष्टण घालायची कल्पना डच शास्त्रज्ञ व्हान हील यांनी १९५४ मध्येच मांडली होती. मिशिगनमध्ये लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्याने १९५६ च्या डिसेंबरात काचेच्या कांडीवर दुसऱ्या काचेची नळी चढवली आणि दोन्ही एकत्र तापवून तंतू ओढला. गळती थांबली. पुढच्याच वर्षी बेसिल हर्शोविट्झ यांनी त्यातून केलेली जठरदर्शी, म्हणजे पोटात बघायची दुर्बीण, आधी स्वतः गिळून पाहिली! कारखान्यांनी ती उचलली नसती तरच नवल. जेट इंजिनाची पाती, बॉयलरच्या नळ्या, गिअरबॉक्सचे दाते, जिथे बोट जात नाही तिथे ती गेली.

१९८० च्या दशकापासून टोकालाच इवली सेन्सर चिप बसू लागली आणि चित्र तारेतून पडद्यावर यायला लागलं. तंतूंकडे उरलं फक्त उजेड न्यायचं काम. पुढे एलईडी आला आणि बऱ्याच ठिकाणी तेही काम गेलं. गॅरेजातला कॅमेरा हा असा, त्यात काचतंतूचा पत्ताही नसतो.

जुनी काचतंतूवाली दुर्बीण कुठे पेटीत सापडली तर डोळा लावून पाहा. गोल चकतीत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दिसते आणि मध्ये मध्ये काळे ठिपके. काजळी समजून नवखा पोरगा टोक पुसत बसतो, ठिपके जागचे हलत नाहीत. तेवढे तंतू तुटलेले असतात. गरम इंजिनात घाई केली, कोपऱ्यात केबल दाबून वळवली, की आणखी दोन वाढले.